जलांतर्गत छायाचित्रणातील पुनर्भारणक्षम बॅटऱ्या : बंद पेटीतील वायू, उष्णता आणि सुरक्षितता

प्रस्तावना

फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स-सुर-मेर येथे पाण्याखालील छायाचित्रणाचे प्रयोग केले. कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी त्यांना साधली. खरी अडचण प्रकाशाची होती. त्यासाठी ऑक्सिजनने भरलेल्या बंद काचपात्रात मॅग्नेशियम जाळून पाहण्यात आले, परंतु ही पात्रे फुटण्याचा धोका असे. पुढे १८९९ मध्ये बुताँ यांनी विद्युत संचायकांवर चालणारे आर्क दिवे पाण्यात उतरवले. म्हणजेच जलांतर्गत छायाचित्रण आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी यांची सोबत शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि बंद पात्रात ऊर्जा कोंडण्यातील धोकाही जवळजवळ तितकाच जुना आहे.

आज हे छायाचित्रण केवळ हौशी पर्यटकांपुरते उरलेले नाही. मालवणचा किनारा, गोव्याजवळील ग्रँड आयलंड, अंदमान, लक्षद्वीप अशा ठिकाणी प्रवाळ, स्पंज, मासे यांच्या नोंदी घेताना कॅमेरा हे अभ्यासाचे साधन ठरते. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारखे क्षेत्र हाताशी असताना प्राणिशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान विभागांनी असे साहित्य बाळगणे स्वाभाविकच होय. अशा साहित्याच्या वापराविषयी जे काही शिकविले जाते त्यात एकाच भीतीचा पगडा असतो, तो म्हणजे पाणी आत शिरण्याच्या. ओ-रिंगवरील केस, वाळूचा कण, सिलिकॉन ग्रीस यांची चर्चा पुष्कळ होते. तथापि जी पेटी पाण्याला आत येऊ देत नाही तीच पेटी आतील वायूला आणि उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही, या दुसऱ्या बाजूकडे मात्र दुर्लक्ष होते. बॅटरीचा धोका मुख्यत: या दुसऱ्या बाजूचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

पेटी कोणत्या दिशेने मजबूत असते?

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. ३० मीटर खोलीवर पेटीच्या बाहेरचा दाब आतील दाबापेक्षा तीन वातावरणांनी अधिक असतो. पेटीचे मागील दार २० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद असेल तर त्यावर सुमारे ९०० किलोग्रॅम वजनाइतका भार येतो. हा भार दाराला ओ-रिंगवर घट्ट आवळतो. खोल पाण्यात पेटी अधिक घट्ट बसते आणि गळती बहुधा पहिल्या एक-दोन मीटरांतच उघडकीस येते, या अनुभवाचे कारण हेच आहे.

पेटीची रचना बाहेरून आत येणारा दाब गृहीत धरूनच केलेली असते. आतून बाहेर दाब निर्माण झाला तर दाराला धरून ठेवणारी शक्ती केवळ दोन-तीन खिट्ट्यांची किंवा आट्यांची असते. समजा, स्ट्रोबच्या पुढील काचेचा व्यास १० सेंटिमीटर आहे आणि आतील दाब बाहेरच्यापेक्षा एका वातावरणाने अधिक आहे. तर त्या काचेवर आतून सुमारे ८० किलोग्रॅमचा रेटा येईल. खोल पाण्यात हा रेटा जाणवत नाही, कारण बाहेरचे पाणी त्याहून अधिक जोराने दाबत असते. पाणबुड्या वर येऊ लागतो तसतसा बाहेरचा आधार कमी होतो, आणि उपकरण नेमके नावेवर, हातात, पुष्कळदा डोळ्यांसमोर असताना आतील दाब मोकळा वाव शोधतो. जलांतर्गत दिव्याची टोपी उघडताना ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते ती याच क्षणी.

केवळ तापल्यामुळे पेटीतील हवेचा दाब फारसा वाढत नाही. २५ अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापमान चढले तरी वाढ सुमारे १२ टक्क्यांचीच होते. चिंता करावी अशी वाढ नवा वायू निर्माण झाल्यानेच होते. तेव्हा प्रश्न असा उरतो की बॅटरीतून वायू येतो कोठून?

निकेल-मेटल हायड्राइड घट आणि हायड्रोजन

जलांतर्गत फ्लॅश, ज्याला छायाचित्रकार ‘स्ट्रोब’ म्हणतात, त्याचे अनेक प्रचलित नमुने एए आकाराच्या म्हणजे बोलीभाषेतील पेन्सिल सेलवर चालतात. येथे निकेल-मेटल हायड्राइड घटांना पसंती मिळते. त्यांचे विभवांतर १.२ व्होल्ट, अल्कलाइन घटाचे १.५ व्होल्ट, तरीही निकेल घटाचा आंतररोध कमी असल्याने तो मोठा प्रवाह सहज पुरवतो आणि एका झोतानंतर स्ट्रोब लवकर सज्ज होतो. २००५ मध्ये सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ या नावाने पडून राहिल्यावरही चार्ज टिकवणारे घट बाजारात आणल्यावर या घटांची जुनी मोठी उणीव भरून निघाली.

या घटाचे ऋणाग्र हायड्रोजन शोषून घेणाऱ्या मिश्रधातूचे असते. अर्थात हायड्रोजन हा येथे बाहेरून आलेला उपद्रव नसून घटाच्या कार्यातील मूळ द्रव्यच आहे. चार्जिंग पूर्ण झाल्यावरही प्रवाह चालू राहिला तर धनाग्रावर ऑक्सिजन तयार होतो, तो ऋणाग्राकडे जातो आणि तेथे पुन्हा पाण्यात परिवर्तित होतो. या क्रियेत घट तापतो. मंद गतीच्या चार्जिंगमध्ये हे चक्र सुरळीत चालते. गती वाढली की वायू तयार होण्याचा वेग त्याच्या विलीन होण्याच्या वेगाला मागे टाकतो, घटातील दाब वाढतो आणि डोक्याशी असलेली सूक्ष्म सुरक्षा झडप उघडते. घट फुटू नये म्हणूनच ही झडप ठेवलेली असते. उघड्या खोलीत बाहेर पडलेला वायू हवेत विरून जातो आणि कोणाला कळतही नाही. बंद स्ट्रोबमध्ये मात्र तो तेथेच साचतो.

चार्जिंगइतकाच, किंबहुना अधिक फसवा प्रसंग घट पूर्ण रिकामा होताना येतो. चार घट एकसरीत जोडलेले आहेत आणि त्यांपैकी एक इतरांपेक्षा कमकुवत आहे असे मानू. तो आधी संपतो, पण उरलेले तीन घट त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. परिणामी त्याची ध्रुवता उलटते आणि त्याच्या निकेल अग्रावर हायड्रोजन तयार होऊ लागतो. उरलेले तीन घट तीन व्होल्टहून थोडे अधिक विभवांतर देत असल्याने दिवा विझत नाही, नुसता मंदावतो. वापरणाऱ्याला वाटते की बॅटरी ‘अजून थोडी शिल्लक’ आहे.

या वायूचे प्रमाण किती असेल, याचे गणित फॅरेडे यांच्या नियमावरून करता येते. एक अँपिअर-तास विद्युतभारामुळे सामान्य दाबाला सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन मुक्त होतो. स्ट्रोबमध्ये अर्धा लिटर मोकळी जागा आहे असे धरले, तर तेथील हवेत ४ टक्के हायड्रोजन होण्यास केवळ २० मिलिलिटर वायू पुरतो. त्यासाठी लागणारा विद्युतभार सुमारे ४८ मिलिअँपिअर-तास. दोन हजार मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या घटाचा हा अडीच टक्क्यांहूनही लहान भाग आहे. एक अँपिअरचा प्रवाह तो तीन मिनिटांत पार करतो. हे गणित कमाल मर्यादेचे आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. प्रत्यक्षात तयार झालेल्या हायड्रोजनचा काही भाग समोरचे अग्र शोषून घेते, आणि झडप उघडेपर्यंत उरलेला घटातच राहतो. तरीही दोन्ही आकड्यांमधील अंतर इतके मोठे आहे की मनाला स्वस्थता वाटू नये.

चार टक्के हा आकडा महत्त्वाचा, कारण हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तीर्ण मर्यादेत हायड्रोजन पेट घेऊ शकतो. त्याला पेटविण्यास सुमारे ०.०२ मिलिजूल इतकी अल्प ऊर्जा पुरते. स्ट्रोबमधील संधारित्र सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारित होते आणि मोठ्या स्ट्रोबमध्ये त्यात पन्नास जूल किंवा त्याहून अधिक ऊर्जा साठते, म्हणजे पेटविण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या पंचवीस लाख पट. ढिल्या स्प्रिंगपाशी किंवा कळीच्या संपर्कबिंदूपाशी पडलेली एक ठिणगी पुरेशी ठरावी. बंद पेटी, ज्वलनशील वायू, हवा आणि ठिणगीचे साधन या चारही गोष्टी एकाच वस्तूत एकत्र येण्याची उदाहरणे घरगुती उपकरणांत सहसा आढळत नाहीत.

उत्पादकांनी यावर तीन प्रकारचे उपाय योजलेले दिसतात. काही स्ट्रोबमध्ये बॅटरीचा कप्पा विद्युतमंडलापासून स्वतंत्र व सीलबंद असतो, त्यामुळे वायू ठिणगीपर्यंत पोहोचत नाही. पाणी शिरले तरी नुकसान त्या कप्प्यापुरते राहते. काहींना आतील दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास वायू बाहेर सोडणारी एकमार्गी झडप असते. तिसरा उपाय उत्प्रेरकाचा. प्लॅटिनम अथवा पॅलेडियम या धातूंचा लेप असलेल्या लहान गोळ्या पेटीत ठेवल्या की हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा ज्वाळेविना संयोग होऊन पाणी बनते. ही युक्ती सुबक आहे, पण तिच्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे. गोळ्या ओल्या झाल्या, त्यांवर ग्रीस किंवा मीठ बसले, तर त्या निकामी होतात आणि बाहेरून पाहून ते समजत नाही. वायू वेगाने सुटत असेल तर त्यांची गतीही अपुरी पडते.

म्हणून वापरणाऱ्याची शिस्त हाच मुख्य आधार राहतो. एका स्ट्रोबचे चार घट एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच क्षमतेचे आणि कायम एकत्र वापरलेले असावेत. त्यांवर संचाचा क्रमांक व खरेदीचा महिना लिहून ठेवणे ही अगदी साधी सवय. प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या प्राध्यापकवर्गाला ती जड जाऊ नये. प्रकाश मंदावला किंवा स्ट्रोब सज्ज होण्यास अधिक वेळ घेऊ लागला की वापर तेथेच थांबवावा. बुडीनंतर दिवा पिशवीत चालू राहून जाणे हा सर्वांत वाईट प्रसंग, कारण तेव्हा घट तासन्‌तास उलट्या ध्रुवतेत राहतात आणि पेटी बंदच असते. चार्जरमधून काढलेले गरम घट लगेच पेटीत कोंडू नयेत. ते निवू द्यावेत. ज्या दिव्यात बॅटरी न काढता चार्ज करण्याची सोय आहे त्याचे झाकण चार्जिंगच्या काळात मोकळे ठेवावे, असे उत्पादकाच्या पुस्तिकेत म्हटलेले असेल तर त्या वाक्याकडे सूचनांच्या गर्दीतील एक ओळ म्हणून पाहू नये. संपूर्ण पुस्तिकेतील ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य असू शकते.

लिथियम-आयन : वेगळा घट, वेगळा धोका

सोनी कंपनीने १९९१ मध्ये व्यापारी स्वरूपात आणलेल्या लिथियम-आयन घटाने कॅमेरा व दिवे यांचे स्वरूप पालटले. त्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅमेऱ्याच्या आतील बॅटरी तर आज बहुधा याच प्रकारची असते. सामान्य वापरात हा घट हायड्रोजन सोडत नाही. त्या दृष्टीने बंद पेटीत तो निकेल घटापेक्षा शांत सोबती आहे.

त्याचा दोष निराळा आहे. त्यातील विद्युत अपघटनी पाण्यातील द्रावण नसून ज्वलनशील सेंद्रिय द्रावण असते. अंतर्गत लघुमंडल, अतिचार्जिंग किंवा बाहेरील उष्णता यांमुळे घट तापू लागला की आतील रासायनिक क्रिया स्वत:च उष्णता देऊ लागतात. सुमारे १३० अंश सेल्सिअसला दोन अग्रांमधील पॉलिथिनचा पडदा वितळतो. त्यानंतर उष्णतेची वाढ आवरता येत नाही. धनाग्राच्या विघटनातून ऑक्सिजनही मिळत असल्याने केवळ हवा कोंडून ही आग विझत नाही. घटातील फ्लुओरिनयुक्त क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला तर हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा उपप्रकार तुलनेने अधिक स्थिर आहे, पण छायाचित्रण साहित्यात तो कमी आढळतो.

जलांतर्गत दिव्यांत वापरल्या जाणाऱ्या सुट्या घटांपैकी १८६५० हा सर्वपरिचित. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी यांवरून त्याला हे नाव मिळाले. नामांकित कारखान्यांतून निघणाऱ्या या घटाची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. बाजारात याच आकाराच्या घटावर ९९०० असा आकडा छापलेला दिसतो. तो आकडाच त्या घटाच्या बनावटपणाचे प्रमाणपत्र होय. अशा घटात संरक्षक मंडल असेलच याची खात्री नसते, आणि पाचशे रुपयांची बचत सगळा संच धोक्यात घालते.

आकाराच्या साम्यातून होणारी चूक त्याहून सोपी आहे. १४५०० नावाचा लिथियम घट दिसण्यास हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्याचे विभवांतर ३.७ व्होल्ट, म्हणजे तिपटीहून अधिक. चार पेन्सिल सेलसाठी बनविलेल्या स्ट्रोबमध्ये असे चार घट बसतात. केवळ बसतात म्हणून ते घालायचे नसतात. निकेल-झिंक घटाचेही तसेच. सुमारे १.६ व्होल्टमुळे स्ट्रोब झटपट सज्ज होतो, मात्र ज्या मंडलाची आखणी त्यासाठी नाही ते तापते. पाण्याखाली आसपासचे पाणी उष्णता वाहून नेते. नावेवर तोच दिवा उन्हात पूर्ण तेजाने चालू ठेवला तर ती नेणारे कोणी नसते.

नावेवरील चार्जिंग

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ बेटापाशी नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या नौकेला आग लागली आणि खालच्या शयनकक्षात झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये महाराष्ट्राशी नाते असलेल्या व्यक्तीही होत्या. या दुर्घटनेचा उल्लेख अनेकदा ‘बॅटरीमुळे लागलेली आग’ असा होतो, परंतु तो काटेकोर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार आगीचे मूळ वरच्या दालनाच्या मागील भागात होते. ठिणगी कशाची हे निश्चित करता आले नाही. त्या दालनात प्रवाशांच्या बॅटऱ्या चार्ज होत असत आणि संभाव्य कारणांत त्यांचा समावेश होता, इतकेच. मंडळाने ठपका ठेवला तो मालक कंपनीच्या देखरेखीवर, विशेषत: रात्री गस्त घालणारा जागा माणूस नसण्यावर.

बॅटरीच्या वापरकर्त्याने यातून घ्यायचा बोध म्हणूनच अधिक नेमका आहे. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकी तटरक्षक दलाने देखरेखीविना होणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांच्या चार्जिंगला आणि वायरच्या लांबणीच्या बोर्डांच्या अतिवापराला आळा घालण्याचा सल्ला नौकामालकांना दिला. दिवसभरात तीन बुड्या, सायंकाळी जेवण, आणि मग रात्रभर एकाच बोर्डाला डझनभर चार्जर, असा मुक्कामी नौकेवरील परिपाठ असतो. विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीत लॉजच्या खोलीत याहून काही वेगळे घडत नाही. चार्जिंग जागेपणी, उघड्या जागेत, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर आणि बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर व्हावे. खाऱ्या पाण्याचे ओले हात व मीठ धरलेले संपर्कबिंदू चार्जरपाशी येऊ देऊ नयेत. आग लागलीच तर लिथियम-आयन घटाला भरपूर पाण्याने थंड करत राहावे लागते, कारण ज्वाळा विझल्यावरही तो पुन्हा पेटू शकतो.

पाणी शिरलेले उपकरण

सर्व काळजी घेऊनही कधी ना कधी पेटीत पाणी शिरतेच. अशा वेळी छायाचित्रकाराची पहिली धडपड कॅमेरा वाचविण्याची असते. ती मानवी असली तरी क्रम चुकीचा आहे. समुद्राचे पाणी विजेचे सुवाहक आहे. चार-आठ घटांच्या विभवांतराखाली त्याचे अपघटन सुरू होऊन एका अग्रावर हायड्रोजन आणि दुसऱ्यावर क्लोरिन व ऑक्सिजन निघतात. शिवाय २० मीटरवर शिरलेले पाणी आतील हवेला दाबून ठेवते. वर आल्यावर तीच हवा दाबासह आत अडकलेली असते. म्हणून अशी पेटी भारलेले पात्र समजावी. टोपीचे तोंड स्वत:पासून आणि इतरांपासून दूर करावे, चष्मा लावावा, आट्या सावकाश सैल करून वायूला फुसफुसत निघून जाऊ द्यावे. आतील पाणी आता नुसते खारे नसते. निकेल व अल्कलाइन घटांमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्यात मिसळलेले असते. ते डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेने धुवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावून ‘मारा’ करण्याचा घरगुती प्रयोग डोळ्यावर करू नये. स्ट्रोबच्या मंडलाला हात लावू नये, कारण घट काढल्यानंतरही संधारित्रात घातक भार राहू शकतो.

खाऱ्या पाण्यात भिजलेला लिथियम-आयन घट वाळवून पुन्हा वापरणे हा तर शुद्ध अविचार आहे. गंजलेल्या संपर्कातून किंवा संरक्षक मंडलावर बसलेल्या मिठातून लघुमंडल काही तासांनी, कधी काही दिवसांनीही होऊ शकते. असा घट घरात किंवा विभागाच्या कपाटात न ठेवता मोकळ्या जागी, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावा. तो विमानातूनही नेता येत नाही. चांगल्या स्थितीतील सुटे लिथियम घट मात्र प्रवाशाने हातातील सामानात, प्रत्येकाची टोके झाकून न्यायचे असतात. १०० वॅट-तासांपर्यंत सर्वसाधारण मुभा, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने दोन, त्यापुढे प्रवाशाला मनाई. जलांतर्गत दिव्यांचा उल्लेख तर आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक नियमांत उष्णता निर्माण करणारी वस्तू म्हणून स्वतंत्रपणे येतो, आणि त्यातील बॅटरी वेगळी काढावी लागते.

निकामी घट कचऱ्याच्या डब्यात टाकण्याची मुभाही आता राहिलेली नाही. २००१ च्या नियमांचा रोख शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर होता. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार सर्व प्रकारच्या बॅटऱ्या त्या कक्षेत आल्या असून वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी करून संकलनासाठी अथवा पुनर्चक्रीकरणासाठी देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी ठरली आहे. देण्यापूर्वी प्रत्येक घटाच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि पाणी शिरलेला घट इतर घटांच्या डब्यात न मिसळता त्यावर तसे लिहून वेगळा द्यावा.